आमच्या वेळी नव्हतं असलं काही

ताईच्या बाळाला तपासताना डॉक्टरांना मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबरचा जास्तीचा आवाज ऐकू आला म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली आणि त्यात व्हीएसडी निघालं, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छोटं छिद्र. घरात सगळेच हादरलो. आजी एकच म्हणत राहिली, आमच्या वेळी नव्हतं गं असलं काही. तेव्हापासून मी रात्री जागून हेच वाचतेय.

नुसते आकडे बघितले तर आजीचंच खरं वाटतं. 1930 ते 34 च्या दरम्यान हजार बाळांमागे जन्मजात हृदयदोषाची नोंद 0.6, म्हणजे एकसुद्धा नाही, आणि 2010 ते 17 मध्ये जगभरात 9.4 च्या आसपास!! पण 1970 नंतर जी वाढ दिसते ती जवळजवळ सगळी सौम्य दोषांची आहे, छोटी छिद्रं, जन्मानंतर बंद न झालेली पीडीए (हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी नळी) वगैरे. ही आधीही असणारच, दिसत नव्हती एवढंच. इकोची सुरुवातच 1953 ची आणि तो सगळीकडे पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली, तोवर स्टेथोस्कोपने जे ऐकू येईल ते, नाहीतर बाळ निळं पडेल तेव्हा कळायचं.

खरी वाढ अजिबातच नाही असंही नाही म्हणता येणार, गरोदरपणाच्या आधीपासून डायबिटीस असलेल्या आया वाढल्यात आणि त्याने बाळाच्या हृदयाचा धोका वाढतो. उलट रुबेलाची लस आल्यावर, आईला गरोदरपणात तो आजार झाल्याने बाळात होणारे दोष खूप कमी झाले.

काही गंभीर दोषांत बाळ पहिले एकदोन दिवस एकदम ठणठणीत दिसतं, कारण पीडीए अजून उघडी असते आणि रक्त तिच्यातून वाट काढतं, ती मिटायला लागली की तब्येत ढासळते. म्हणून घरी सोडायच्या आधी हाताला आणि पायाला ऑक्सिजन मोजतात, काही मिनिटांचं काम, दुखत नाही, प्लीज विचारून करून घ्या.

आजीची पहिली मुलगी दोन महिन्यांची असताना गेली. दूध पिता पिता दमायची, कपाळाला घाम यायचा, अशक्त होती म्हणाले सगळे. बाळांमधल्या हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदयाला रक्त नीट पंप करता न येण्याची लक्षणं वाचताना नेमकं हेच समोर आलं आणि मी फोन खाली ठेवला. आजीला काही बोलले नाही.

ताईच्या बाळाचं छिद्र पडद्याच्या स्नायूच्या भागात आहे, तसली छोटी छिद्रं बऱ्याचदा आपोआप बुजतात, पुढचा इको सहा महिन्यांनी आहे. आजी मात्र रोज एकदा तरी ताईला विचारते, दूध पिताना घाम नाही ना येत गं त्याला?