कडीच्या आधी उघडलेले दार

चित्रकथेत संवादांचे फुगे बसवणे हे माझे काम. पान माझ्याकडे येते तेव्हा चित्रे पूर्ण झालेली असतात आणि फुग्यांना जागा उरलेली नसते. बहुतेक चित्रकारांना फुगा म्हणजे चित्रावर पडलेला डाग वाटतो. वाचकाची नजर चौकटींइतकीच फुग्यांच्या वाटेनेही चालते, हे त्यांच्या गळी उतरत नाही.

त्या दिवशीच्या पानावर डावीकडे एकाखाली एक दोन चौकटी होत्या आणि उजवीकडे दोन्हींच्या उंचीची एक उभी चौकट. वरच्या चौकटीत बहीण भावाला अडवते, खालच्या चौकटीत त्याचा हात कडीकडे जातो आणि उजवीकडे दार सताड उघडते. चित्रकथा फारशा न वाचणाऱ्या एका सहकाऱ्याला मी बोट फिरवत वाचायला सांगितले, तर बोट पहिल्या चौकटीवरून थेट उघड्या दारावर गेले आणि मग कडीकडे परतले. डावीकडच्या दोन चौकटींमधली आडवी कोरी पट्टी उजवीकडच्या चौकटीआधीच्या उभ्या पट्टीच्या जवळजवळ दुप्पट रुंद होती आणि बहिणीची नजरही उजवीकडेच लागलेली होती. मग दुसरे काय होणार?

संपादकांनी लगेच वाचनाचा क्रम दाखवणारा बाण काढायला सांगितले. बाण म्हणजे मांडणी फसल्याची जाहीर कबुलीच, म्हणून मी तो टाळला. आडवी पट्टी अरुंद केली, बहिणीचे वाक्य दोन फुग्यांत तोडले, पहिला फुगा वर डावीकडे ठेवला आणि केवळ ‘थांब’ एवढाच शब्द असलेला दुसरा फुगा चौकटीची खालची रेघ ओलांडून कडीवरच्या हाताला भिडवला. देवनागरीत वेलांट्या आणि उकारांमुळे ओळींत अंतर जास्त सोडावे लागते, फुगा उंच होत जातो. एकाच शब्दाचा असल्यामुळेच तो तिथे मावला. उभ्या चौकटीतला संवाद मी कडीच्या पातळीपर्यंत खाली आणला. नंतर ज्यांना पान दाखवले, त्यांचे बोट आधी खाली उतरले.

मात्र त्या फुग्याखाली भावाचे मनगट झाकले गेले, आणि चित्रकाराच्या मते ते थरथरते मनगट हाच पानाचा जीव होता. त्याची तक्रार मला पूर्णपणे खोडता आलेली नाही: जी घालमेल आधी दिसत होती, ती आता वाचकाला शब्दावरून ताडावी लागते. तिन्ही चौकटी एकाखाली एक घेतल्या असत्या तर दोन्ही साधले असते, पण त्यासाठी दार नव्याने काढावे लागले असते आणि तेवढा वेळ कोणीच ठेवलेला नव्हता. पुढच्या भागापासून फुग्यांच्या जागा पेन्सिलच्या कच्च्या आराखड्यातच ठरवाव्यात, असे मी सुचवले आहे. संपादक राजी आहेत, चित्रकाराने अजून होकार दिलेला नाही.