श्रीनगर ते कारगिल : कॉन्व्हॉयच्या मागून

सकाळी सहाला श्रीनगर सोडलं तेव्हा रस्त्याकडेला ठरावीक अंतरावर जवान उभे होते, पाठ आमच्याकडे आणि तोंड झाडीकडे. कंगनच्या अलीकडे एका मोरीपाशी एकानं रायफल सोबत्याच्या हातात दिली, गुडघ्यावर बसून आत टॉर्च मारला, मग शेजारचा पालापाचोळा काठीनं उचकून पाहिला. ही रोड ओपनिंग पार्टी, सगळे आर.ओ.पी. म्हणतात. त्यांनी रस्ता तपासल्यावरच लष्करी ट्रकांचा ताफा, म्हणजे कॉन्व्हॉय, निघतो. ट्रकवर बंदूकवाला बसला की झालं संरक्षण, अशी माझी तोवर समजूत होती.

सोनमर्गच्या आधी ताफा गाठला आणि मी घाई केली. दोन ट्रकांमध्ये जागा दिसली, ड्रायव्हरला म्हटलं, घाला गाडी. तो नको म्हणत होता, पण घातली. पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीवरून एक जवान शिट्टी फुंकत लाल झेंडी हलवू लागला. आम्हाला कडेला घेतलं, कागद पाहिले, शेवटची गाडी जाईपर्यंत उभं केलं. चूक सर्वस्वी माझी. ते अंतर मुद्दाम राखलेलं असतं, एका गाडीला फटका बसला तर मागची वाचावी म्हणून. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात लेथपोऱ्याजवळ स्फोटकांनी भरलेली मोटार सीआरपीएफच्या बसवर आदळली, ४० जवान गेले. त्यानंतर खासगी गाडी ताफ्याजवळ आली की कुणाचा जीव वर येत असेल, हे सांगायला नको.

सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा नवा बोगदा पटकन संपतो. झोजिला घाट (११,५७५ फूट) मात्र अजून वरूनच ओलांडावा लागतो. हिवाळ्यात बर्फानं घाट बंद पडतो, म्हणून लडाखचा रॉकेल, रेशन, दारूगोळ्याचा हिवाळ्याचा साठा उन्हाळ्यातच वर चढवतात. जूननंतर ट्रकांची रांग दिसते ती यामुळे. घाटात अनेकदा एकेरी वाहतूक असते. ट्रॅफिक पोलिसांची त्या दिवसाची सूचना आदल्या रात्री बघा. आम्ही बघितली नव्हती, अडीच तास गेले.

द्रासच्या कारगिल युद्ध स्मारकात ओळखपत्र लागतं. तिथे उभं राहून आधी समोरच्या तोलोलिंग शिखराकडे बघा, मग मागच्या रस्त्याकडे. १९९९ मध्ये घुसखोर वर बसले होते आणि हा रस्ता त्यांना पायाखाली दिसत होता, त्यावर तोफांचा मारा होत होता. गाड्या रात्री, दिवे मालवून न्यायला लागत. १३ जूनला तोलोलिंग परत मिळाल्यावर रस्त्याला मोकळा श्वास मिळाला.

आता कामाचं. पोस्टपेड सिम घ्या, बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड इथे चालत नाही. टाकी श्रीनगरलाच भरा. ताफा, पूल, चौकी यांचे फोटो काढू नका, डॅशकॅम असेल तर विचारलं की बंद करा. ताफा समोरून आला तर डोंगराच्या बाजूला थांबा, हेडलाइट खाली करा. मागून आला तर वाट द्या. आणि ड्रायव्हर नको म्हणाला की नको.