सावलीतली काळी मुसळी

नागपुरात घरामागे आंब्याची दाट सावली असली, की तिथे काहीच फुलत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अशा जागेसाठी मला विदर्भाच्या पानझडी जंगलात झाडांखाली आपोआप वाढणारी काळी मुसळी सर्वांत योग्य वाटते. पावसाच्या सुरुवातीला ताडाच्या कोवळ्या रोपासारखी घडीदार पाने वर येतात आणि त्यांच्या बुडाशी, अगदी मातीला टेकून, सहा पाकळ्यांचे पिवळे फूल उमलते.

औषधासाठी कंद खणून नेल्यामुळे जंगलात ही वनस्पती विरळ होत चालली आहे, म्हणून लागवडीसाठी कंद रोपवाटिकेतूनच घ्यावा. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून तो कुजतो. त्यासाठी वाफा उंच करून त्यात वाळू आणि कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळावा आणि शेंड्याचा डोळा असलेला तुकडा जूनमध्ये लावावा. पुढे पानाचे टोक ओल्या मातीला टेकले, तर तिथेच नवे रोप फुटते, आणि हे पाहण्यात मला फुलांपेक्षाही अधिक आनंद मिळतो.

कोरड्या दिवसांत पाने वाळतात, पण पारा ४५ अंशांवर गेला तरी कंद जमिनीखाली जिवंत असतो. तेव्हा वाफा खणू नये, पालापाचोळ्याने झाकून ठेवावा.