पडिला बे: ओहोटीचं वेळापत्रक बघून टाकलेला तंबू

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पडिला बे नावाची खाडी आहे; तिच्या काठच्या बे व्ह्यू स्टेट पार्कला तंबू टाकायला जायचं असेल तर हवामानाच्या आधी भरती-ओहोटीचा तक्ता उघडा. पाऊस आला तर ताडपत्री आहे, पण चुकीच्या तारखेला गेलात तर ज्यासाठी एवढ्या लांब यायचं ते पाण्याखालीच राहील.

सिॲटलहून आय-फाइव्ह महामार्गाने उत्तरेकडे साधारण सत्तर मैल गेलं की बर्लिंग्टन लागतं. तिथे हायवे २० पश्चिमेला धरायचा. स्कॅजिट खोऱ्याची सपाट शेतं दोन्ही बाजूंना पसरत जातात: बटाटे, बेरी, बियाण्यासाठी वाढवलेला कोबी. ही सगळी जमीन मुळात खाजण होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे आलेल्या लोकांनी मातीचे बांध घालून समुद्राला बाहेर रोखलं आणि आत शेती केली. त्या बांधांमुळे स्कॅजिट नदीचं पाणी आणि गाळ पडिला बेमध्ये येणं जवळजवळ थांबलं. खाडी तशीच राहिली, पण तिला घडवणारी नदी दुसरीकडे वळली. हे ठाऊक असलं की त्या रस्त्याने जाताना शेतंही वेगळी दिसायला लागतात.

आम्ही उन्हाळा मुद्दाम निवडला होता. या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात. एक ओहोटी मोठी, एक लहान. उन्हाळ्यात मोठी ओहोटी दिवसाउजेडी येते आणि हिवाळ्यात रात्री. अमेरिकेच्या तक्त्यात शून्य म्हणजे रोजच्या दोन ओहोट्यांपैकी खालच्या ओहोटीची सरासरी पातळी. त्यामुळे आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं की पाणी नेहमीपेक्षाही खाली जाणार. जून-जुलैत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ते दोन-तीन फूट उणे जातं. अशी तारीख शनिवार-रविवारला जुळली की जागा आधीच राखून ठेवायची, कारण हे पार्क लहान आहे.

तंबूची जागा दुपारी अडीचनंतर ताब्यात मिळते आणि त्या दिवशीची ओहोटी भर दुपारची होती. म्हणून सामान गाडीतच ठेवून आम्ही आधी थोडं उत्तरेला असलेल्या ब्रीझील माहिती केंद्रात गेलो. तिथून रस्त्याखालचा बोगदा ओलांडून गोल जिन्याने थेट किनाऱ्यावर उतरता येतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर लेक थबकली आणि म्हणाली, "बाबा, समुद्र कुठे गेला?"

समोर खरोखरच पाणी नव्हतं. पडिला बे सुमारे आठ मैल लांब आणि तीन मैल रुंद आहे, पण ताटलीसारखी उथळ. मोठ्या ओहोटीला जवळजवळ सगळी खाडी उघडी पडते. पार समोरच्या बेटांपर्यंत करडा-हिरवा चिखल, मध्ये चकाकणारे वाकडेतिकडे ओहोळ, आणि त्या सगळ्यावर आडवं पडलेलं समुद्री गवत. वास उग्र होता. चिखलाच्या वरच्या थराखाली प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू गंधकाचा वायू सोडतात, त्याचा तो वास. पाच मिनिटांत नाक सरावतं आणि मग कान जागे होतात. चिखल सतत बारीक चुरचुरत असतो. लाखो बिळांमधून पाणी निथळत असतं, बुडबुडे फुटत असतात. माणसं गप्प झाली तरच ते ऐकू येतं.

कडेची जमीन वाळू-गोट्यांची आणि घट्ट आहे. तिथे गुडघे टेकून बसलं की पुरे, आत चालत जायची गरज नाही. आत जाऊही नये. एकतर पाय गुडघ्यापर्यंत रुततो, दुसरं म्हणजे गवत तुडवलं जातं. आणि पाणी परत येतं ते समोरून लाटा घेऊन नाही, ओहोळांमधून गुपचूप येतं, कधीकधी तुमच्या पाठीमागूनही.

आम्ही बसलो तिथे हातभर जागेत शेकडो टोकदार गोगलगायी होत्या. प्रत्येकीच्या मागे चिखलात एक चर. चर एकमेकांना छेदत, वळत, पुन्हा एकमेकांत मिसळत गेलेले. या गोगलगायी मूळच्या इथल्या नाहीत. विसाव्या शतकात जपानहून कालवांचं बियाणं आणलं जायचं, त्याबरोबर त्या आल्या आणि इथल्याच झाल्या. काठालगत वाढणारं आखूड, अरुंद पानांचं गवतही तसंच जपानहून आलेलं. मूळचं गवत खोल पाण्याकडे, लांब रुंद पानांचं.

भरतीबरोबर वाहून आलेलं त्याचं एक पान मी उचललं. पोपटी, रिबिनीसारखं सपाट, हातभर लांब. पानावर काहीच नव्हतं असं वाटलं, आणि मग पानाचाच एक तुकडा सरकला. बोटाच्या पेराएवढा किडा, अगदी त्याच हिरव्या रंगाचा, पानाच्या रेषेत लांब पडून राहिलेला. पान उलटं केलं की तो शांतपणे कडेवरून पलीकडे जायचा आणि पुन्हा लांब पडायचा. लेकीने तो खेळ बराच वेळ केला. मग मीच पान ओहोळाच्या पाण्यात सोडायला लावलं, कारण ऊन वाढत होतं.

हे गवत शेवाळ नाही. याला मुळं असतात, फुलं येतात, बी धरतं. फुलं पाण्याखाली उमलतात आणि त्यांचे पराग पाण्यानेच वाहून नेले जातात. पडिला बेमध्ये ते सुमारे आठ हजार एकरांवर पसरलं आहे. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सगळ्यात मोठ्या सलग गवताळ पट्ट्यांपैकी हा एक. डंजनेस खेकड्यांची पिल्लं इथे लपून वाढतात, समुद्रात निघालेली सामन माशांची पिल्लं इथे थांबून खातात, हेरिंग मासे पानांवर अंडी चिकटवतात. आणि ओहोटीला या गवतात बगळे उभे राहतात. मोठे, निळसर राखाडी, एकमेकांपासून अंतर राखून. दुर्बिणीतून मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं, इतके होते. समोर दिसणाऱ्या मार्च पॉइंटवर त्यांची मोठी वसाहत आहे, शेकडो घरटी.

त्याच मार्च पॉइंटवर दोन तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, १९५०च्या दशकात उभे राहिलेले. पार्कातून चिमण्या आणि टाक्या स्पष्ट दिसतात. निसर्गात जायचं म्हणून आलेल्या माणसाला हे दृश्य टोचतं, मलाही टोचलं. पण या खाडीची गोष्ट सांगताना तो भाग कापून टाकणं मला बरोबर वाटत नाही. या खाडीच्या बाबतीत काहीही आपोआप टिकलेलं नाही.

१९६०च्या दशकात एका विकासकाची योजना होती: चिखल उपसायचा, भराव टाकायचा आणि कालव्यांच्या काठाने व्हेनिसच्या धर्तीवर वसाहत बांधायची. कागदावर ही नुसती ओसाड जमीन होती. एडना ब्रीझील नावाच्या निवृत्त शिक्षिका खाडीकाठच्याच. त्यांनी दारोदार फिरून विरोधाच्या सह्या गोळा केल्या. पुढे १९७१चा किनारा व्यवस्थापन कायदा आला, आणि १९८०मध्ये पडिला बे हे खाडी-संशोधनाचं राष्ट्रीय राखीव क्षेत्र झालं. ब्रीझील कुटुंबाची चौसष्ट एकर जमीन त्यांनी राज्याला दिली. आपण जिना उतरतो तो त्याच जमिनीवरून. माहिती केंद्रातल्या टाक्यांमध्ये लहान खेकडे आणि मासे बघताना बायको म्हणाली, "सह्या मागायला दारात गेल्यावर लोकांना काय सांगितलं असेल हो त्यांनी? चिखल वाचवायचाय म्हणून?" मी तेव्हापासून त्याचाच विचार करतो आहे. १९६०च्या दशकात 'चिखल वाचवा' म्हणून दार वाजवायला फार स्पष्ट डोकं आणि फार टणक मन लागलं असेल.

तंबू लावण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तंबूच्या जागा रस्त्याच्या वरच्या अंगाला आहेत, मध्ये गवताचं मैदान, कडेला मोठी झाडं. किनाऱ्यावर जायला रस्त्याखालून वाट आहे, त्यामुळे मुलांना गाड्यांची भीती नाही. खाण्याचे डबे रात्री गाडीत बंद ठेवावेत, रकून हमखास येतात. शेकोटीचं लाकूड घरून आणू नये, तिथलंच घ्यावं, लाकडातून झाडांची कीड एका भागातून दुसऱ्या भागात जाते. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते आणि लोक ती पाळतात.

संध्याकाळी खाली गेलो तर दुपारची जागाच सापडेना. जिथे मैलभर चिखल होता तिथे आता सलग पाणी होतं, कडेच्या गोट्यांना लागलेलं. उन्हाळ्यात इथे सूर्य नऊच्या पुढे मावळतो आणि खाडी पश्चिमेकडे उघडी आहे. ग्वेमेस बेटामागे सूर्य गेला तेव्हा भरती नुकतीच पूर्ण झाली होती. दुपारी बगळे उभे होते तिथे एक सील डोकं वर काढून किनाऱ्याकडे बघत होता. दिवसभरासाठी येणारे लोक यातलं एकच रूप बघून परत जातात. मुक्काम केला तर दोन्ही बघता येतात, आणि एका रूपाचा दुसऱ्याशी काय संबंध आहे तेही कळतं: दुपारी जे गवत चिखलावर मेल्यासारखं पडलेलं होतं, ते आता पाण्यात उभं राहिलं होतं. पायाखालच्या उथळ पाण्यात त्याची टोकं हलताना दिसत होती, आणि त्यांच्यामधून करंगळीएवढे मासे झुंडीने जात होते.

रात्री लहान ओहोटी होऊन गेली, ती झोपेत गेली. पहाटे परत भरती, आणि सकाळी आम्ही दक्षिणेच्या शोअर ट्रेलला गेलो तोवर पाणी निघायला लागलं होतं. ही वाट जुन्या बांधावरूनच जाते, एका दिशेने सव्वादोन मैल. डावीकडे शेतं, उजवीकडे खाडी. हवा स्वच्छ असली की शेतांपलीकडे बर्फाचा माउंट बेकर दिसतो. अर्ध्या वाटेवर बांधाच्या कडेला बसून आम्ही पाणी उतरताना बघितलं. आधी उंचवटे काळे दिसू लागतात, मग ते जोडले जातात, मग ओहोळांना काठ फुटतात. बगळे त्या आधीच येऊन पोचलेले असतात. त्यांना तक्ता लागत नाही.

तुम्ही गेलात तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे शनिवारचा अंदाज रविवारी तसाच लावू नका. आणि मुक्कामाला असाल तर पार्कचा वेगळा डिस्कव्हर पास लागत नाही, फक्त दिवसापुरते येणाऱ्यांना लागतो. माहिती केंद्र रोज उघडं असतंच असं नाही, वेळ आधी बघून घ्या.

आम्हाला आता हिवाळ्यात जायचं आहे. अलास्का आणि कॅनडाच्या उत्तर टोकाकडून ब्रँट नावाचे लहान काळसर कलहंस हेच गवत खायला इथे उतरतात आणि थंडीभर राहतात. तेव्हा मोठी ओहोटी रात्री असते, दिवसा पाणी भरलेलं असतं, त्यामुळे पक्षी किनाऱ्याच्या जवळ येतात. त्या थंडीत तंबू मात्र नको, पार्कात लाकडी केबिन आहेत त्यातली एक बघू.