डंपवरची माती आणि ‘पिकाचे नाव’

चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या जुन्या ओबी डंपवर, म्हणजे कोळशावरची दगडमाती उपसून रचलेल्या डोंगरावर, झाडं लावायची होती. काम आमच्या ठाण्यातल्या छोट्या ऑफिसकडे, माती तपासून घेणं माझ्याकडे. नमुने आले, त्यात काही अडलं नाही. अडलं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका खासगी प्रयोगशाळेच्या काउंटरवर.

‘पिकाचे नाव’ आणि ‘गट क्रमांक’ भरल्याशिवाय पावतीच निघेना.

“पीक नाही हो, कडुनिंब आणि बांबू लावायचाय.”

“यादीत नाहीये सर. भात टाकू?”

डंपवर भात! तिथले साहेब आधी जेवायला गेलेले, मग मीटिंगमध्ये. जून सरत आलेला आणि लागवड जुलैत उरकली नाही तर वर्ष वाया. शेवटी भाताच्या नावावर पावती फाडली.

रिपोर्ट आला तर सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन, १ टक्क्याच्या वर, शेरा ‘अत्यंत जास्त’, शेणखताची गरज नाही म्हणे. आणि उपलब्ध नत्र? हेक्टरी २८० किलोच्या खाली म्हणजे कमी धरतात, आमचं त्याहून कितीतरी खाली. कर्ब मोजायच्या नेहमीच्या डायक्रोमेट (एक रसायन) पद्धतीत मातीतली कोळशाची भुकटीही थोडीफार कर्ब म्हणून मोजली जाते. काउंटरवर सांगितलं, तर “मशीनने दिलंय सर.” आतल्या केमिस्टबाईंना मात्र अर्ध्या मिनिटात पटलं. पण त्यांच्यापर्यंत कुणी पोचू देईल तर ना! आम्ही शेणखत भरपूर घातलं.

तेव्हा अशी माती द्यायची असेल तर काउंटर टाळून थेट केमिस्टला गाठा. एकूण नत्रही तपासायला सांगा, कर्बाचा आकडा खरा की कोळशाचा, ते त्यावरून कळतं. २ मिलिमीटरच्या चाळणीवर उरलेल्या खड्यांचं वजनही लिहून मागा. रिपोर्ट फक्त चाळलेल्या मातीचा असतो आणि डंपवर दगडच जास्त, त्यामुळे हेक्टरी आकडे फुगतात.

हो, आणि माती खाणीकडेच सावलीत वाळवून मागवा, ठाण्याच्या पावसाळ्यात ती वाळत नाही, बुरशी धरते. युरियाच्या रिकाम्या गोणीत तर मुळीच नको.

सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते) एकदा ठीक आला म्हणून निर्धास्त राहू नका. दगडात पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, असेल तर हवापाण्याने आम्ल सुटत राहतं. पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा, माथ्याची माती वेगळी आणि उताराची वेगळी.