क्लेम नाकारला, आता डॉक्टरांचं पत्र
सांगली-मिरजेत पेशंट आरोग्य विम्याचा क्लेम नाकारल्याचं पत्र घेऊन येतो, तेव्हा 'सदर रुग्णास दाखल करणे आवश्यक होते' एवढ्या एका ओळीच्या सर्टिफिकेटने काही होत नाही. आधी पॉलिसीचं कुठलं कलम दाखवलंय ते वाचा. उत्तर त्याच कलमाला द्यायचं.

'फक्त तपासण्यांसाठी दाखल केलं' असं कारण असेल तर दाखल करतानाचे आकडे लिहा. उदाहरणार्थ, ऑक्सिजन ८८ टक्के, श्वास मिनिटाला ३२, शिरेतून अँटिबायोटिक दर ८ तासांनी. सोबत नर्सिंग चार्ट जोडा.

सगळ्यात जास्त घोळ केसपेपरवर होतो. घाईत कुणीतरी 'बीपी १० वर्षे' लिहितं आणि जुना आजार लपवला म्हणून क्लेम जातो. नोंद खरंच चुकीची असेल तरच, जुने कागद जोडून, तारीख घालून वेगळा खुलासा द्या. मूळ नोंदीवर खाडाखोड अजिबात नको, तिथेच केस मरते. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला 'जुना आजार लपवला' हे कारण देता येत नाही.

तक्रारीचा अर्ज आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. महिन्यात उत्तर नाही किंवा पुन्हा नकार, तर पुण्याचे विमा लोकपाल. या दुसऱ्या नकारापासून, किंवा उत्तराचा महिना संपल्यापासून, वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही. सही मात्र पॉलिसीधारकाची किंवा त्याच्या वारसाची, नॉमिनीची हवी, हॉस्पिटलची चालत नाही.