बॅग परत आली, आता रोपचं काय करू

आमचं काम म्हणजे शनिवार-रविवार कॉलेजच्या पोरांना सह्याद्रीत नेऊन रॅपलिंग, म्हणजे दोरावरनं कडा उतरणं, करवायचं आणि बाकीचा आठवडा सोलापुरात बसून सामान धुवायचं, सावलीत वाळवायचं, तपासायचं. इथं सगळं सपाट, त्यामुळं लोक विचारतात की सोलापुरात कडा कुठाय बे. कडा नाही, पण खरं काम गोडाऊनमध्येच असतं.

गेल्या ऊस सीझनला परत येताना टेंभुर्णी सोडल्यावर कुठंतरी जीपच्या कॅरियरवरनं रोपची, म्हणजे दोराची, बॅग पडली. आमच्या इन्स्ट्रक्टर पोरांना फिगर ऑफ एटची गाठ डोळे झाकून येते, कड्यावर दोर अडकवायचा अँकर असा लावतील की बघत बसावं, आणि कॅरियरवर बॅग बांधायची म्हटलं की कपडे वाळत घालायची दोरी अन् दोन कशाबशा गाठी. सावळेश्वरच्या टोलनाक्याशी थांबलो तेव्हा कळलं. मोडनिंबपर्यंत मागं जाऊन आलो, पण अंधार, उसाच्या ट्रॉल्यांची रांग, काय दिसणार. ड्रायव्हर म्हणाला, गेली समजा मालक. आत 60 मीटर 11 एमएमचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, रोप, तोही जवळपास नवा, शिवाय अंगाला बांधायचा पट्ट्यांचा हार्नेस, दोन हेल्मेट, कॅराबिनर म्हणजे उघडझाप होणाऱ्या कड्या, आणि दोरावरनं उतरताना वेग आवरायचा डिसेंडर.

मग बऱ्याच दिवसांनी एक फोन. "दोराची ब्याग तुमचीच का ओ?" माणूस शेटफळकडचा, उसाचा ट्रॅक्टर चालवणारा. बॅगेच्या टॅगवर नंबर होता पण रस्त्यावर घासून शेवटचा आकडा गेलेला, तर हा गडी कारखान्यावर ट्रॅक्टरची पाळी येईपर्यंत शून्यापास्नं एकेक आकडा लावून फोन करत बसला, मी सातवर घावलो. मधल्या दोघांनी फ्रॉड समजून शिव्या घातल्या म्हणे. त्यांचं पण चुकलं म्हणवत नाही, हल्ली अनोळखी नंबरवरनं "तुमचं काहीतरी सापडलंय" म्हटलं की कोण विश्वास ठेवणार.

घरी गेलो तर त्याची आई दारातच. "कुनाच्या तरी जिवाचं दिसतंय म्हनलं, आसली जाड दोरी साध्या कामाला कोन घेतंय?" एक कडी कमी नव्हती. पैसे पुढं केले तर दादा चिडला, आम्ही काय सापडलेल्या मालाचं दुकान टाकलंय का. जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी मोडता मोडता मी सहज विचारलं, बॅग ठेवलीवती कुठं? मावशींनी कोपऱ्यात बोट दाखवलं. उंदरानं कुरतडू नये, पोरांनी खेळायला घेऊ नये म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीवर.

माझा घास तिथंच अडला.

बाहेरच्याला यात काय विशेष ते कळणार नाही. रोप नायलॉनचा असतो, वर विणलेलं कव्हर, आत कोअर म्हणजे गाभा, बहुतेक जोर कोअरवर. या प्रकारचा रोप स्टँडर्डप्रमाणं किमान 22 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ सव्वादोन टन, ताण घ्यायला पाहिजे. असला रोप ऊन, माती, घासणं थोडंफार सोसतो, पण बॅटरीचं ॲसिड नाही. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना बारीक बुडबुडे फुटतात, त्याबरोबर ॲसिडचा सूक्ष्म फवारा उडतो, पाणी भरताना एखादा थेंब सांडतो, आणि नायलॉन आतनं मरतो. वरनं कधी डाग दिसतो, कधी काहीच नाही. घरी आणून मी पूर्ण रोप एका टोकापासनं बोटातनं ओढला, डोळे मिटून, कारण चपटेपणा, पोकळ जागा, आतला फुगवटा बोटांना आधी कळतो. प्रत्येक हातभर अंतरावर वाकवून गोल बघितला, कव्हर सरकतंय का बघितलं. अगदी देखणा रोप! कुठं एक केस निघालेला नाही. आणि तरीही लॉगबुकात लाल पेनानं बाद लिहिलं, कारण इथं "दिसत नाही" म्हणजे "नाही" असं धरता येत नाही. हार्नेस त्याच कारणानं गेलं. हेल्मेट रस्त्यावर आपटलेली, ती पण गेली. कॅराबिनर धुऊन, गेट-स्प्रिंग बघून ठेवले, दोन खोल ओरखड्यांचे सोडून. आमचा पार्टनर म्हणाला, इतकं काय, नवशिक्यांच्या वीस फुटी भिंतीला वापरू. असल्या माणसांबरोबर धंदा करतोय मी.

बाद रोपचे आम्ही तुकडे करतो, कुणी चुकून वापरू नये म्हणून. हा अजून केला नव्हता, तेवढ्यात दादाचा फोन. आला का दोर कामाला? मी म्हणालो आला की! काय सांगणार होतो, तुम्ही जपून ठेवला म्हणून गेला असं? वर तो म्हणतो, मालक, कधी जुना झाला तर आमाला द्या, हिरीत गाळ काढायला मानूस सोडायला बरा पडंल.

माणूस सोडायला!

त्या रात्रीच कात्री लावली. दीड-दीड हाताचे तुकडे, जनावराच्या दाव्यालासुद्धा न पुरणारे. आता त्याला विहिरीसाठी नवा रोप अन् एक हार्नेस घेऊन द्यायचा विचार आहे, बजेट जेमतेम आहे पण जमवू. अडचण वेगळीच. नवा घेऊन गेलो की तो विचारणार, आमचा सापडलेला चांगला होता की, त्याला काय झालं? आणि मावशी तिथंच बसलेल्या असणार, इन्व्हर्टरच्या शेजारी. खरं सांगायलाच लागणार, नाहीतर नवा पण तिथंच ठेवतील. कसं सांगायचं ते जमेना म्हणून दोनदा शेटफळवरनं पुढं निघून गेलो.